कापूस, जिनिव्हा आणि आमची ओसरी

२०२५ च्या दिवाळीत आम्ही नेहमीप्रमाणे नागपूरहून गावी गेलो. गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पलीकडे, पैनगंगेच्या अलीकडे. सप्टेंबरातल्या पावसाने पऱ्हाटीची खालची बोंडे सडवली होती आणि पहिल्या वेच्याचा जो कापूस घरात आला होता तो ओलसर होता. ओसरीवर पसरलेल्या त्या कापसाकडे पाहत बाबूजींनी विचारले, "अमेरिकेनं कपड्यावर कर लावला म्हणते. मंग आपल्या कापसाचा भाव काऊन पडला? आपण तं तिकडं कापूस पाठवत नाही."

बाबूजी म्हणजे आम्हा दोघांपैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. वय सत्त्याहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत, शेती सात एकर, कोरडवाहू. आम्ही दोघेही नागपुरातल्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. अर्थशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु घरात 'शिकलेले' आम्हीच, त्यामुळे जगात जे काही घडते त्याचा खुलासा करण्याची जबाबदारी आपोआप आमच्यावर येते. बाबूजींचा प्रश्न इतका नेमका होता की त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे शक्य नव्हते. शिवाय या बाबतीत आमचे एक जुने देणे थकलेले होते.

ते देणे असे. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. काही बाजारांत तो बारा हजारांवरही गेल्याचे आपण वाचले असेल. तेव्हा बाबूजींच्या घरात कापूस नव्हता. तो नेहमीप्रमाणे दिवाळी-संक्रांतीच्या दरम्यान विकला गेला होता. पुढच्या हंगामात, नोव्हेंबरात, व्यापारी आठ हजार आठशेने मागत असताना आम्ही फोनवरून सल्ला दिला की थांबा. त्यासाठी वर्तमानपत्रातले दोन लेख आणि इंटरनेटवरचा एक आलेख एवढा आधार आम्हाला पुरला. बाबूजी थांबले. तीस क्विंटल कापूस मे महिन्यापर्यंत घरात राहिला. कापूस घरात साठवला म्हणजे काय होते हे शहरात कळत नाही. उन्हाळा चढला तशी सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, आई रात्र-रात्र अंगणात झोपल्या. शेवटी पेरणीसाठी पैसा हवा म्हणून तो सात हजार दोनशेने विकला. अठ्ठेचाळीस हजारांचा तो फटका आमच्या एका महिन्याच्या एका पगारापेक्षाही कमी होता. बाबूजींच्या वर्षभराच्या हिशेबात मात्र बियाणे, खत आणि फवारणी यांचा मेळ त्याच रकमेवर बसायचा होता. ते आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. तेव्हापासून आम्ही कापसाविषयी जे मिळेल ते वाचत आलो आहोत, आणि हा लेख त्या वाचनातून निघाला आहे.

बाबूजींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येते. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक मालावर एकूण पन्नास टक्के आयातशुल्क लागू केले. त्यातले निम्मे रशियाकडून तेल घेतो म्हणून. तिरुप्पूरपासून नोएडापर्यंतचे कपड्यांचे निर्यातदार हवालदिल झाले. हे शुल्क येणार असे दिसू लागताच, १९ ऑगस्टपासून, आपल्या केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क माफ केले. आधी सवलत ३० सप्टेंबरपर्यंत होती. तेवढ्या अवधीत बोटीने माल येणे कठीण, म्हणून काही दिवसांतच ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. आमच्याकडचा कापूस ऑक्टोबरात फुटतो. म्हणजे ज्या तीन महिन्यांत बाबूजींसारख्यांचा माल बाजारात येतो, नेमक्या त्याच तीन महिन्यांत बंदराचे दार उघडे. ते अमेरिकेच्या कापसालाही उघडे. कापडावर कर लावणारा देश आणि त्या करामुळे ज्याच्या कापसाला इथे वाट मोकळी झाली तो देश एकच, हे बाबूजींना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे त्याईचं दोन्हीकडून बरं."

या व्यवहारात अमेरिका श्रीमंत आणि भारत गरीब एवढे म्हणून चालले असते तर आमचे काम सोपे होते. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही तसे म्हणतही होतो.

२००३ साली आम्ही नागपूर विद्यापीठात एम.ए. करत होतो. त्या सप्टेंबरात मेक्सिकोतल्या कान्कुन येथे जागतिक व्यापार संघटनेची मंत्री परिषद भरली आणि मोडली. विदर्भात आत्महत्यांच्या बातम्यांना तेव्हा जिल्हा पानावरून पहिल्या पानावर जागा मिळू लागली होती. परिषदेच्या पहिल्याच दिवशी, १० सप्टेंबरला, ली क्युंग हे या दक्षिण कोरियन शेतकरी नेत्याने तिथल्या कुंपणापाशी जीव दिला, ही बातमी आम्ही वसतिगृहाच्या वाचनालयात वाचली. सोलच्या नकाशावर बोट ठेवता आले नसते. पण ती बातमी आम्हाला परकी वाटली नाही.

त्या परिषदेत कापूस हा स्वतंत्र विषय होता, आणि तो मांडला होता पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या चार देशांनी: बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली. बुर्किना फासोचे राष्ट्राध्यक्ष ब्लेझ कंपाओरे त्यासाठी जून महिन्यात स्वतः जिनिव्हाला जाऊन बोलले होते. त्यांचे म्हणणे साधे होते. आम्ही दान मागत नाही. आमचा कापूस कोणापेक्षाही स्वस्तात पिकतो. तुम्ही तुमच्या शेतकऱ्यांना पैसे वाटून जगाचा भाव पाडू नका, एवढेच. २००१ च्या अखेरीस कापसाचा आंतरराष्ट्रीय भाव पौंडाला चाळीस सेंटच्या खाली गेला होता. अमेरिकेत कापूस पिकवणारे शेतकरी सुमारे पंचवीस हजार. त्यांच्यापायी सरकार दर वर्षी अब्जावधी डॉलर खर्च करत होते. आणि बाजार पडला की मदत वाढे, म्हणून पडत्या भावातही तिथला पेरा आटत नव्हता. जो देश जगातला सर्वांत मोठा कापूस-निर्यातदार, तोच भावाच्या इशाऱ्याकडे पाठ फिरवून पिकवत राहिला तर भाव सावरायचा कसा? भार मग मालीतल्या आणि मारेगावातल्या शेतकऱ्याने वाहायचा.

ब्राझीलने या प्रकरणी २००२ सालीच तक्रार केली होती. १९९९ ते २००३ या चार हंगामांत अमेरिकेने कापसापायी दिलेली मदत सुमारे साडेबारा अब्ज डॉलर भरते, असा त्याचा हिशेब होता. २००५ च्या मार्चमध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. त्या खटल्यात भारत तिऱ्हाईत पक्ष म्हणून हजर होता. 'तिऱ्हाईत' हा शब्द इथे कायद्याच्या अर्थाने आहे. पण विदर्भातून पाहताना तो आम्हाला वेगळाच ऐकू येतो. निकालानंतर काय झाले हे त्या काळात आमच्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल. अमेरिकेने पूर्ण सुधारणा केली नाही. २००९ साली ब्राझीलला प्रतिशुल्क लावण्याची परवानगी मिळाली, तेव्हा तडजोड निघाली ती अशी: अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचे आणि ब्राझीलने प्रतिशुल्क लावायचे नाही. २०१४ साली आणखी तीस कोटी डॉलर देऊन प्रकरण कायमचे मिटवण्यात आले. म्हणजे आपल्या शेतकऱ्यांना मदत देत राहता यावे म्हणून अमेरिकेने दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यांनाही मदत दिली. हे वाचून प्रथम आम्ही हसलो. नंतर ध्यानात आले की बेनिनशी अशी तडजोड कोणी केली नाही, कारण अमेरिकेवर प्रतिशुल्क लावण्याची धमकी बेनिन देऊ शकत नाही. निवाडा ज्या नियमाने झाला तो सर्वांना सारखा होता. अंमल मात्र ज्याच्या हातात दंड त्याच्यापुरता झाला.

या नियमांची भाषा हा भाषेच्या शिक्षकांनी कधीतरी हाती घ्यावा असा विषय आहे. शेतीला दिलेली मदत जिनिव्हात पेट्यांमध्ये टाकतात. हिरव्या पेटीतली मदत निर्दोष, निळ्या पेटीतली क्षम्य, पिवळ्या पेटीतली सदोष. रंग सिग्नलवरून घेतले असावेत, पण तांबडी पेटीच नाही! सदोष पेटीलाही मर्यादा आहे, आणि ती ज्या रीतीने ठरली ती पाहण्यासारखी आहे. १९८६ ते ८८ या काळात ज्यांनी मोठ्या प्रमाणावर अशी मदत दिली होती त्यांना ती काही टक्क्यांनी कमी करून पुढे चालू ठेवण्याची मुभा मिळाली. अमेरिकेची मुभा वर्षाला १९.१ अब्ज डॉलरची. ज्यांनी तेव्हा फारसे काही दिलेच नव्हते, त्यांना मुभाही नाही. त्यांना पिकाच्या मूल्याच्या दहा टक्क्यांचे 'क्षुल्लक' प्रमाण तेवढे माफ. भारत या दुसऱ्या गटात. एखाद्या गावात दारूबंदी करताना जुन्या पिणाऱ्यांना परवाना द्यावा आणि न पिणाऱ्यांना औषधापुरते दोन चमचे, तसा हा न्याय झाला.

आणि त्या दोन चमच्यांचेही माप वेगळेच. आपल्या हमीभावात मदत किती हे ठरवताना आजचा हमीभाव आजच्या बाजारभावाशी ताडून पाहत नाहीत. तो १९८६-८८ च्या गोठवलेल्या संदर्भ-किमतीशी ताडून पाहतात. मधल्या काळात मजुरी, डिझेल, युरिया, मुलांची फी हे सगळे कुठल्या कुठे गेले याला त्या सूत्रात जागा नाही. याच सूत्राच्या आधारे २०१८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने जिनिव्हात निवेदन दिले की भारत कापसाला मर्यादेच्या कितीतरी पट जास्त मदत देतो आणि ती लपवतो. त्याच्या आदल्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला होता. बाबूजींना तेव्हा एकरी दोन क्विंटल झाला. आपल्याला मर्यादेच्या पलीकडची सरकारी मदत मिळते आहे, हे त्यांच्या गावीही नव्हते.

शरद जोशी यालाच 'उणे सबसिडी' म्हणत. भारतीय शेतकऱ्याला सरकार काही देत नाही, उलट त्याचा भाव पाडून त्याच्याकडून घेते, हा त्यांचा सिद्धांत. आणि म्हणूनच नव्वदीच्या दशकात डाव्या-उजव्या दोन्ही बाजू डंकेल प्रस्तावाला विरोध करत असताना ते खुल्या व्यापाराच्या बाजूने उभे राहिले. विद्यार्थिदशेत आम्हाला त्यांचे ते म्हणणे पटत नसे. शेतकऱ्यांचा नेता असून जागतिकीकरणाची तळी उचलतो, हे आमच्या त्या वयाच्या मांडणीत बसत नव्हते. बाबूजी मात्र शेतकरी संघटनेचा बिल्ला लावून फिरत. त्यांना कारण पुस्तकात शोधावे लागले नव्हते. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस राज्य पणन महासंघालाच घालायचा, चुकारा हप्त्याहप्त्याने घ्यायचा, आणि राज्याबाहेर न्यायचा नाही. आमच्या गावापासून आदिलाबादचा बाजार तासाभरावर. ज्या वर्षी पलीकडे भाव जास्त, त्या वर्षी रात्रीच्या बैलगाड्या चाकांना फडके बांधून पैनगंगेकडे जात; आमच्यापैकी एकाने लहानपणी अशा गाडीत कापसावर झोपून प्रवास केलेला आहे. आणि ज्या वर्षी इकडचा हमी दर जास्त, त्या वर्षी तिकडचा कापूस नदी ओलांडून इकडे येई. व्यापारधोरण म्हणजे काय हे आमच्या गावाने जागतिक व्यापार संघटनेच्या जन्माच्या आधीच नदीच्या काठावर पाहिले होते. (एकाधिकार योजनेचे काही भले परिणामही होते, पडत्या वर्षांत तिने बाजारापेक्षा अधिक दिले. बाबूजींना हे सांगून पाहिले आहे. ते ऐकून घेतात.)

नागपूरकरांना तर हा इतिहास याहून जुना असल्याचे ठाऊक असायला हवे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडला, तेव्हा १८६१ ते ६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला लँकेशायरने सोन्याचा भाव दिला. युद्ध संपताच तो भाव कोसळला. १८६७ साली रेल्वे नागपुरात पोचली ती मुख्यतः कापूस नेण्यासाठी. त्याच कापसाचे सूत आणि कापड इथेच करावे म्हणून जमशेटजी टाटांनी गिरणी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी ती सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. नावाने फारसे संरक्षण दिले नाही. १८९४ साली तिजोरी रिकामी म्हणून सरकारला परदेशी मालावर आयातशुल्क बसवावे लागले, तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी गहजब केला. १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के आणि बरोबरी राखण्यासाठी इथल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादनशुल्क अशी वाटणी झाली. समान संधीचे हे तत्त्व १९२५ च्या अखेरपर्यंत चालले. एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. गांधीसागर तलावाजवळ तिच्या जागी आता मॉल आहे. आमचे निम्मे कपडे तिथलेच, आणि लेबलावर कधी बांगलादेश असते, कधी व्हिएतनाम.

इथपर्यंतची गोष्ट श्रीमंत देश विरुद्ध गरीब देश या चौकटीत बसते. पण आमच्या घरापुरता हिशेब मांडला की चौकट हलू लागते. ५ मार्च २०१२ रोजी केंद्र सरकारने कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली. गिरण्यांना कापूस कमी पडू नये म्हणून. कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विचारलेसुद्धा नाही अशी जाहीर तक्रार केली आणि आठवड्याभरात बंदी सैल झाली, पण तेवढ्यात बाजाराला जे कळायचे ते कळले होते. २०२२ साली भाव दहा हजारांवर गेले, तेव्हा १४ एप्रिलपासून आयातशुल्क माफ झाले. कारण कापूस महाग. २०२५ साली पुन्हा माफ झाले. कारण कापड विकले जाईना. कारणे उलटसुलट, उपाय एकच. जिनिव्हात आपला देश गरीब शेतकऱ्याच्या नावाने बोलतो आणि ते बोलणे खरे असते. बेनिनचे जे गाऱ्हाणे तेच आपले. परंतु दिल्लीत निर्णय होतो तेव्हा कारखानदार आणि शेतकरी यांच्यातला वाद आपापसातला ठरतो, आणि तिथे बेनिनच्या जागी बाबूजी असतात.

कारखानदारांना खलनायक करण्याचा आमचा हेतू नाही. तिरुप्पूरला शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाया कोण्या श्रीमंत देशातून आलेल्या नाहीत. मागण्या थांबल्या की पहिला घास त्यांचाच जातो. त्यांना सावरणे भागच होते. प्रश्न एवढाच की ते ओझे तिजोरीवर का टाकता आले नाही, ते पऱ्हाटीवरच का आले. आणि हा प्रश्न विचारताना आमच्या अंगावरचा तीनशे रुपयांचा सुती कुडता आम्हाला टोचतो. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी वेळेवर मिळावी म्हणून आमची संघटना मोर्चे काढते. महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे, आणि त्या निर्देशांकात कापडही येते. कापूस स्वस्त राहावा यात आमचे हित आहे. बाबूजी ज्या बाजाराच्या एका टोकाला आहेत त्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा आणि सून आहेत.

वर्गात 'बारोमास' शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले होते की शेतकऱ्यांवरच्या गोष्टींत सावकार येतो, अडत्या येतो, पाऊस येतो, पण भाव ठरवणारा माणूस कधी का येत नाही. त्या तासाला आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते आम्हाला स्वतःलाच पटले नव्हते. सावकाराला घर असते, ओटा असतो, नजर असते. लेखक त्याच्या ओट्यावर जाऊन बसू शकतो. अधिसूचनेला ओटा नसतो. मराठी कादंबरी नदीपर्यंत गेली, बाजार समितीपर्यंत गेली. बंदरापर्यंत ती क्वचितच गेली, जिनिव्हापर्यंत आमच्या वाचनात तरी गेलेली नाही. महात्मा फुले १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये परदेशी यंत्रांवर तयार होऊन येणाऱ्या मालाचा आणि इथल्या कारागिरांच्या उपासमारीचा संबंध लावून मोकळे झाले होते. ही दृष्टी मध्येच कुठे हरवली, हा प्रश्न आम्ही आमच्या क्षेत्रातल्या मंडळींपुढे ठेवतो.

असो. दिवाळीत बाबूजींनी पहिल्या प्रश्नामागोमाग दुसरा विचारला, आणि खरा तोच होता. "मांगच्या वक्ती तुमचं आयकलं. आता सांगा, ठेवू का इकू?" त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला आठ हजार एकशे दहा होता, गावात व्यापारी सात हजारांच्या आसपास मागत होते. सरकारी खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी हवी, आणि कापसात ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. नोंदणी आम्ही मोबाइलवर करून दिली. ओलाव्याचे आमच्या हाती काही नव्हते. आणि ३१ डिसेंबरनंतर शुल्क पुन्हा लागेल की मुदत आणखी वाढेल, अमेरिका तोवर काय करील, हे आम्हाला सांगता येत नव्हते. तसे आम्ही म्हणालो. बाबूजींना त्याचा राग आला नाही. उलट थोडे बरे वाटले असावे.

नाताळच्या सुट्टीत पुन्हा गेलो, तेव्हा ओसरी मोकळी होती. चौदा क्विंटल त्यांनी व्यापाऱ्याला सात हजार एकशे पन्नासने घातला होता. लग्नाचा आहेर आणि हरभऱ्याचे बियाणे यांपुरता. उरलेला आतल्या खोलीत, या वेळी ताडपत्रीवर, उन्हात नीट वाळवून. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ३१ तारखेभोवती त्यांनी लाल पेनाने गोल केला होता. त्याच पानावर गाईच्या इंजेक्शनची तारीख होती आणि लाइटबिलाची. चहा होईपर्यंत त्यांनी पेपर आमच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "पाहा बरं, काही आलं का त्यात."